कार्ड सापडत नाही

मशीनच्या आत हात घालायचा नाही, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं होतं. बाहेरून फडक्याने पुसायचं, जाताना कव्हर घालायचं, चहाचा कप लांब ठेवायचा आणि चपला जिन्याखाली काढून वर यायचं. चपलांचं कारण मला आजतागायत कळलेलं नाही. खाली छपाईच्या मशीनपाशी सगळे चपला घालून शाई तुडवत फिरायचे, पण कम्प्युटर म्हणजे देव्हारा. देव्हारा तर देव्हारा, मी मनात म्हटलं, पण मग पुजारी मी आहे हेही लक्षात ठेवा.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. भाईंदरजवळ हाटकेशच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. आमचा म्हणजे शेठचा. औषधांच्या कंपन्यांसाठी आम्ही खोकी आणि लेबलं छापायचो. खाली छपाईचं मशीन, खोकी कापायचं मशीन आणि लांबलचक टेबलाशी उभं राहून खोकी चिकटवणाऱ्या दहा-बारा बायका. वर प्लायवूडचा पोटमाळा. पोटमाळ्यावर एक पंखा, एक खिडकी आणि मी. गिरगावातली खोली सोडून आम्ही नवघरला ब्लॉक घेतला, तेव्हा घराजवळ काहीतरी असावं म्हणून मी तिथे टायपिस्ट लागले होते. शेठनी कम्प्युटर घेतला, तो चालवायला ठेवलेला माणूस तीन महिन्यांत दुसरीकडे पळाला, आणि मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन, उरलेलं त्याच्या वहीतून उचलून, लेबलं बनवायला शिकले. मला कुणी त्या खुर्चीत बसवलं नाही. खुर्ची रिकामी होती, मी बसले.

हे शेठच्या मेहुण्याला खुपायचं. शेठ स्वभावाने शांत, कामाशी काम ठेवणारे. पण बायकोचा भाऊ ही काय चीज असते ते सांगायला नको. दुपारी जेवायला भाईंदर पश्चिमेला घरी जायचा, चारला परत यायचा आणि सहापर्यंत सगळ्यांच्या चुका काढायचा. मला बघितलं की त्याचं एकच असायचं, "इधर कोई इंजिनियर टाइप का आदमी चाहिए." टायपिंग ठीक, टेलिफोन ठीक, पण मशीन बाईच्या हातात म्हणजे त्याला घरात विजेची तार उघडी पडल्यासारखं वाटायचं.

मग दुसरा कम्प्युटर आला. तो खाली, लेझर प्रिंटरजवळ ठेवला. वर मी लेबल बनवायचं, फ्लॉपीत भरायचं, जिना उतरायचा, खालच्या मशीनमध्ये फ्लॉपी घालायची, बटर पेपरवर प्रिंट काढायची. त्यावरून छपाईची प्लेट बनायची. दिवसातून वीस वेळा जिना. त्यात फ्लॉपीचा भरवसा नाही. वर नीट असलेली फाइल खाली उतरेपर्यंत नासायची. शेवटी मीच शेठना म्हटलं, दोन्ही मशीनं तारेने जोडता येतात, प्रत्येकात एक नेटवर्क कार्ड घालायचं, की मी वरूनच खाली प्रिंट काढीन. कुणाला माहीत होतं हे? क्लासमध्ये सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. शेठना पटलं. मेहुण्याला पटलं नाही, पण तो एवढंच म्हणाला, "नहीं चला तो मॅडम की जिम्मेदारी." मी म्हटलं, माझी.

कम्प्युटर विकणाऱ्याचा इंजिनियर दसऱ्याच्या दोन दिवस आधी आला. खिशात चार पेनं, कमरेला पेजर, तोंडात सुपारी. खालच्या मशीनमध्ये त्याने कार्ड बसवलं, जिन्यावरून काळी तार वर आणली. मग माझं मशीन उघडलं. मी पहिल्यांदाच आतलं बघत होते. हिरवी पाटी, तिच्यावर एका ओळीत तीन काळ्या लांबट खाचा. दोन खाचांत आधीपासून कार्डं होती, तिसरी मोकळी. त्याने दुसऱ्या कार्डाचं खोकं उघडलं तर आत तार जोडायची जागाच वेगळ्या प्रकारची निघाली. चुकीचं कार्ड आणलं होतं महाशयांनी. "बदल के लाता हूँ, दसरे के बाद," म्हणाला आणि मशीन तसंच उघडं टाकून, झाकण भिंतीला टेकवून गेला. जाताना मला सांगून गेला, "मॅडम, अंदर हाथ मत डालना."

दसऱ्याला आमच्याकडे सगळी मशीनं धुऊनपुसून लखलखीत व्हायची. झेंडूची तोरणं, हळदकुंकवाचे पट्टे, नारळ, पेढे. पूजा करायचे शेठ आणि आमचे फोरमन काका. बायका मागे थाळी धरून उभ्या. वर्षानुवर्षं तसंच. त्या वर्षी मी म्हटलं, वरच्या मशीनची पूजा मी करणार. मेहुणा हसला. "वो भी मशीन है क्या?" मी म्हटलं, बाकीची हाताने चालतात, हे डोक्याने चालतं, एवढाच फरक. खोकी चिकटवणाऱ्या बायका खुदकन हसल्या आणि शेठ म्हणाले, करवा दो, करवा दो.

मग मी वर गेले, नवी साडी नेसून, घरून आणलेली थाळी घेऊन. मशीनला हळदकुंकू लावलं, पडद्यावर फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. बायका जिन्यावर दाटीवाटीने उभ्या राहून बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्यातलं कुणीतरी पुढे होतं आणि थाळी धरायला कुणीतरी मागे. मला फार भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी इंजिनियर बरोबर कार्ड घेऊन आला. तिसऱ्या खाचेत दाबलं, मागच्या पट्टीला स्क्रू पिळला, तार जोडली. मग कार्डाबरोबर आलेली तपासणीची फ्लॉपी घातली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, कार्ड सापडत नाही. त्याने काढलं, घातलं. सापडत नाही. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. नाही. तेच कार्ड खाली नेऊन लावून बघितलं तर तिथे ठणठणीत. म्हणजे कार्ड चांगलं. मग त्याने सुपारी दुसऱ्या गालात सरकवली आणि निकाल दिला, मदरबोर्ड गेला. आतली ती हिरवी पाटीच खलास. मशीन मुंबईला वर्कशॉपमध्ये न्यावं लागेल, पंधरा-वीस दिवस.

"चालत होतं की कालपर्यंत," मी म्हणाले.

"कल तक चलता था, ये ही तो बोल रहा हूँ. खुला पडा था. मॅडमने कुछ छेडा होगा. लेडीज लोग साफसफाई करते करते हाथ डाल देते हैं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः चुकीचं कार्ड आणायचं, स्वतः मशीन उघडं टाकून जायचं आणि वर चोराच्या उलट्या बोंबा. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी आत बोटसुद्धा घातलेलं नाही. शेठनी विचारलं, "बेन, तमे अडक्यां नथी ने?" मी म्हटलं, हात लावलेला नाही शेठ. आईची शपथ घेतली. खणखणीत आवाजात घेतली, खाली बायकांना ऐकू जाईल अशी.

मेहुण्याला एवढंच हवं होतं. शनिवारी टेम्पो येणार होता, मशीन नेणार होता. आणि दुरुस्त होऊन आल्यावर ते खालीच राहील, त्यावर त्याच्या ओळखीचा एक माणूस बसेल, आणि मी परत टाइपरायटरवर. हे त्याने मला सांगितलं नाही, माझ्यासमोर शेठना सांगितलं, मी तिथे नसल्यासारखं. शेठ काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे हो असायचं. तो सोमवार होता.

टाइपरायटर वाईट असतो असं मला म्हणायचं नाही. पण वर चढून बसलेल्या माणसाला खाली उतर म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण माझ्या माथी खोटं मारलं होतं. मंगळवारी मेहुणा जेवायला गेल्यावर मी फोरमन काकांकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला.

काका उत्तनजवळच्या चौक गावचे. घरची होडी भावाकडे, हे पंचवीस वर्षं छपाईत. रोज बस आणि रिक्षा बदलत यायचे, पण सगळ्यांच्या आधी पोचलेले असायचे. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर दिला आणि एवढंच म्हणाले, "हात घालशील तर नीट घाल. अर्धा घालू नको."

मग मी हात घातला. तीन दिवस, रोज दुपारी दोन तास. कार्डाबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती, तिच्यातलं इंग्रजी बहुधा इंग्रजांनाही कळलं नसतं. मी डिक्शनरी घेऊन बसले. मंगळवारी तार तपासली. तारेच्या दोन्ही टोकांना दोन टोप्या लागतात, एक जरी ढिली असली तरी बोलणं बंद. टोप्या घट्ट होत्या. काढून पुन्हा लावल्या. कार्ड सापडत नाही.

बुधवारी क्रमांक. कार्डावर एक बारीकसं काळं टोपण असतं, ते कोणत्या दोन काड्यांवर बसवायचं त्यावर कार्डाचा क्रमांक ठरतो. तोच क्रमांक दुसऱ्या कुणाचा असला की दोघांची कामं अडतात. हे मला वाचता क्षणी कळलं, कारण नवघरात आमच्या बिल्डरने एकाच नावाच्या दोन बिल्डिंगा समोरासमोर बांधून ठेवल्या होत्या आणि आमचा गॅस सिलिंडर कायम समोरच्यांकडे उतरायचा. कार्डाचा आणि माउसचा क्रमांक एकच निघाला! मी आनंदाने जवळजवळ ओरडले. टोपण बदललं, स्क्रू पिळला, फ्लॉपी घातली. कार्ड सापडत नाही. त्या ओळीचा मला इतका राग यायला लागला की वाटायचं पडद्याच्या एक ठेवून द्यावी.

गुरुवारी चूक झाली आणि त्या चुकीनेच वाट दाखवली. घाईत मी कार्ड घातलं आणि स्क्रू पिळायचा विसरले. कार्ड थोडं हलत होतं म्हणून एका बोटाने पलीकडचं टोक दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने फ्लॉपी चालवली. पडद्यावर वेगळीच ओळ आली. सापडलं! बोट उचललं, पुन्हा चालवलं, सापडत नाही. दाबलं, सापडलं. स्क्रू पिळला, नाही. म्हणजे हिरवी पाटी जिवंत होती. इंजिनियरने जिवंत माणसाचं तेरावं घालायला घेतलं होतं.

मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली गेले आणि काकांना वर आणलं. ते पोटमाळ्यावर पहिल्यांदाच आले. जिन्याखाली चपला काढायला लागले तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी वाकून आत बघितलं. माझं बोट दाबणं, उचलणं, दोन्ही बघितलं.

"यो बसला न्हाय," ते म्हणाले.

"बसलाय काका. मागचा स्क्रू घट्ट आहे बघा."

"स्क्रू घट हाय म्हणून बसला असा न्हाय होत. थांब."

ते खाली जाऊन कागदाची एक पट्टी घेऊन आले, बोटभर रुंद. खोकी कापायचा साचा मशीनवर चढवला की ते रोज हेच करायचे. साच्याखाली चारी बाजूंनी कागदाची पट्टी सरकवून बघायची. जिथे पट्टी आत जाते तिथे साचा उचललेला आहे, तिथलं खोकं नीट कापलं जाणार नाही. आणि उचललेला असला तर आणखी पिळायचं नाही, खाली काय आहे ते बघायचं. त्यांचा तो नियमच होता. नव्या माणसाने साचा ठोकून बसवायचा प्रयत्न केला की ते त्याला मशीनपासून हाकलायचे.

त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. मी ती कार्डाच्या खालच्या कडेला लावली. स्क्रूच्या बाजूला पट्टी जाईना. मधेही जाईना. पलीकडच्या टोकाला अलगद आत गेली.

"खाली काय तरी हाय," काका म्हणाले. "काढ."

मी कार्ड काढलं. काकांनी बॅटरी तिरपी धरली. वरून बघितलं तर खाच काळी आणि रिकामीच वाटायची, पण तिरप्या उजेडात अगदी टोकाला, तळाशी, काहीतरी लालसर दिसलं. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, तिच्या टोकाने हळूहळू वर उकरत आणलं. तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

दसऱ्याची सकाळ जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली. हळदकुंकू बाहेरून लावलं होतं, फूल पडद्यावर ठेवलं होतं, आत बोट घातलं नव्हतं हेही खरं होतं. पण ओवाळून झाल्यावर हात आपोआप थाळीत गेला होता आणि अक्षता टाकल्या होत्या. उघड्या मशीनवर. जन्मभर देवावर, नवरानवरीवर, गाडीवर टाकतो तशा. नंतर काही दाणे टेबलावरून वेचलेलेही आठवले. वेचताना वाटलं होतं, झालं, सगळे निघाले. आणि मी आईची शपथ घेतली होती. ती खोटी नव्हती, पण खरी आहे असंही आता म्हणता येत नव्हतं.

काका दाण्याकडे बघत होते. तेही पूजेला होतेच. सगळं समजले. "टाक खिडकीतून," ते म्हणाले. "कचरा व्हता म्हणायचा. कोन इचारतंय?"

मी दाणा बटर पेपरच्या तुकड्यात बांधला आणि पर्समध्ये ठेवला. कार्ड बसवलं. पट्टी कुठेच आत जाईना. स्क्रू पिळला, फ्लॉपी चालवली, सापडलं. झाकण लावलं, सापडलं. मग काकांना खाली प्रिंटरपाशी उभं केलं आणि तारेवरून एक लेबल पाठवलं. खोकल्याच्या औषधाचं होतं. क्षणभर काहीच नाही, आणि मग खालून काका ओरडले, "आला गो! कागद आला!"

त्या संध्याकाळी मी घरी तांदूळ निवडायला बसले आणि निवडता निवडता हसायलाच यायला लागलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चालू झालं ना, मग गप्प बस, धूळ होती म्हणून सांग, हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? त्याचंही चुकीचं नव्हतं. धूळ म्हटलं असतं तर मेहुणा गप्प बसला असता, इंजिनियर गप्प बसला असता, माझी खुर्ची राहिली असती. पण तो "अंदर हाथ मत डालना"सुद्धा राहिला असता. पुढच्या वेळी काही बिघडलं की पुन्हा तेच ऐकावं लागलं असतं आणि पुन्हा मला दुपारी चोरून स्क्रू ड्रायव्हर मागावा लागला असता. चोरून का? मी चोरी केली होती का? आणि त्या इंजिनियरला मी खोटं पाडलं होतं, सगळ्यांदेखत. त्याला काही ठाऊक नव्हतं, अंधारात दगड मारला होता त्याने, पण दगड बसला होता हे मला ठाऊक होतं. रात्रीच्या भाताला मी तांदूळ जरा जास्तच निवडले, आणि ठरवून टाकलं.

शनिवारी टेम्पो दाराशी लागला. इंजिनियर आला, मेहुणाही त्या दिवशी सकाळीच हजर. शेठ वर आले. मी काही न बोलता एक लेबल खाली पाठवलं. काकांनी छापलेला कागद वर आणून शेठच्या हातात दिला. शेठनी कागद बघितला, मशीन बघितलं, मला बघितलं.

इंजिनियर म्हणाला, "लूज काँटॅक्ट होगा. होता है कभी कभी."

"लूज नव्हता," मी म्हणाले. पर्समधून बटर पेपर काढला, टेबलावर उघडला. "हा खाचेत होता. कार्ड एका टोकाला उचललं जात होतं. तुम्ही तीन वेळा वरून दाबलंत, एकदाही खाली बघितलं नाहीत. आणि हा मी टाकला. दसऱ्याला पूजा करताना अक्षता टाकल्या, तेव्हा पडला. मी बोट घातलं नाही म्हणून शपथ घेतली होती, पण टाकलेला माझ्याच हाताने आहे. सोमवारी मला आठवलं नाही, हे माझं चुकलं."

एवढं बोलून मी हात टेबलाखाली नेले.

मेहुण्याचा चेहरा उजळला. "देखा? देखा जीजाजी? इसीलिए बोलता हूँ, लेडीज के हाथ में मशीन..." शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला माहीत होतं. कच्च्या दाण्यावरून बाईची करतात हे त्या दिवशी बघितलं.

मग मात्र मी हात वर काढले. "मशीन उघडं कुणी टाकलं?" मी विचारलं. "चुकीचं कार्ड कुणी आणलं? नसलेला रोग सांगून मशीन टेम्पोत घालायला कोण निघालं होतं? चूक माझीही झाली, यांचीही झाली. फरक एवढाच की माझी मी शोधली आणि माझी मी काढली, आणि ती काढायला मला त्यात हात घालावा लागला. तुमचा माणूस आणायचा तर आणा. पण त्याच्या हातून दाणा पडला तर तो तुम्हाला दाखवेल का, ते आधी विचारून घ्या."

जिन्यावर बायका उभ्या होत्या. कोण कधी आलं कळलंच नव्हतं. काकांनी छताकडे बघायला सुरुवात केली होती.

शेठनी पुढे होऊन तो दाणा उचलला. मला वाटलं फेकतील. त्यांनी तो कपाळाला लावला, जसा देवाचा प्रसाद लावतात तसा, आणि परत बटर पेपरवर ठेवला. मग इंजिनियरकडे वळून म्हणाले, "बेनने बधुं खोलता शीखवाडी दो. आजे ज. और वो टेम्पोवाले को बोलो जाने को." मेहुण्याकडे त्यांनी बघितलंही नाही, जिना उतरून गेले.

इंजिनियरने त्याच दिवशी मला मशीन उघडून सगळं दोन तास शिकवलं. वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. कार्ड कसं धरायचं, धातूला हात लावून अंगातली वीज आधी कशी जाऊ द्यायची, हे त्याला येत होतं आणि मला येत नव्हतं. पट्टी लावून बघायचं मला येत होतं आणि त्याला नव्हतं. मी काकांची पट्टी त्याच्यासमोर धरली तेव्हा त्याने मुकाट्याने ती घेतली आणि चार पेनांच्या मागे खिशात ठेवली. सोमवारी माझ्या टेबलाच्या खणात एक नवा स्क्रू ड्रायव्हर होता. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मेहुणा जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इस बार चावल मत डालना मॅडम." बायका हसल्या. ती थट्टाच होती, पण त्याच्या जिभेवरची थट्टा मला ओळखू यायची.

मी थाळी खाली ठेवली. चारही स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, आतली धूळ ब्रशने झाडली, तिन्ही खाचांतली कार्डं पट्टी लावून बघितली. सावकाश. त्याला उभं राहून बघावं लागलं. मग झाकण लावलं आणि चारही स्क्रू पिळले. हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. आणि थाळीतल्या अक्षता घेतल्या, चांगल्या मूठभर, आणि त्याच हाताने टाकल्या.